चुकीची वाट कोण पुसणार?

डोंगरात नकाशा खऱ्या अर्थाने कधी लागतो? फोनची रेंज गेल्यावर. पायथ्याशी सगळं स्वच्छ दिसत असतं, अडलंच तर कुणाला तरी विचारता येतं. दोन तास चढून गेल्यावर, धुकं उतरल्यावर, वाटेला तीन फाटे फुटल्यावर नकाशाची गरज पडते, आणि तिथे इंटरनेट नसतं. पायवाटा दाखवणाऱ्या बऱ्याच ॲप्सनी नेमकी हीच सोय वार्षिक वर्गणीच्या दाराआड ठेवली आहे. ऑलट्रेल्सवर वाट शोधा, फोटो बघा, लोकांचे शेरे वाचा, काही द्यावं लागत नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा म्हटलं की पैसे. वाट सोडून भलतीकडे निघालात तर फोनने इशारा द्यावा असं वाटलं, तरी पैसे.

मला हे खटकतं, आणि तरीही मी पैसे भरते. नूतनीकरणाचा मेल आला की दरवर्षी मनाची ओढाताण होते. यंदा ठरवलं, नुसतं चिडून किंवा नुसतं मुकाट्याने पैसे भरायचे नाहीत. आपण नेमकं कशाचं मोल देतो ते एकदा मुळापासून बघू.

मुळापासून म्हणजे आकाशापासून. फोन उपग्रहांना काही सांगत नाही, तो फक्त त्यांचे संकेत ऐकतो. म्हणूनच एअरप्लेन मोडवर टाकलेल्या फोनलाही आपण कुठे उभे आहोत हे कळतं, आणि या ऐकण्याला कुठलंही शुल्क नाही. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार सर्वसामान्यांसाठीच्या जीपीएस संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे आपली जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. डोंगरात १०० मीटर म्हणजे आपण धारेवर आहोत की दरीत, एवढा फरक. अध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ती भेसळ थांबली आणि साध्या माणसाच्या हातातलं यंत्र रातोरात डोंगरात वापरण्याच्या लायकीचं झालं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत एंडेव्हर हे अवकाशयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरत होतं. त्याच्या बाजूला ६० मीटर लांबीचा एक दांडा काढलेला होता आणि दांड्याच्या टोकाला रडारची दुसरी अँटेना. आपण दोन डोळ्यांनी बघतो म्हणून आपल्याला खोली कळते. तसंच एकाच डोंगराकडे दोन जागांवरून बघून त्याची उंची काढायची. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण, म्हणजे पृथ्वीवरच्या जमिनीचा सुमारे ८० टक्के भाग या मोहिमेने मोजला. अमेरिकेबाहेरच्या भागांची ही माहिती आधी ९० मीटरच्या चौकटींत मिळत होती, दर चौकटीला एक उंची, २०१४ पासून टप्प्याटप्प्याने ३० मीटरच्या चौकटींत मिळू लागली. सगळी खुली. ॲपमधल्या नकाशावर दिसणाऱ्या कंटूर (समोच्च) रेषा कित्येकदा या ११ दिवसांतून आलेल्या असतात.

आणि वाटा, ओढे, खिंडी, झरे? त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ते सुरू केलं. ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याची माहिती तेव्हा सहज आणि मोफत मिळत नव्हती, मग लोकांनीच जीपीएस घेऊन हिंडायचं आणि नकाशा काढायचा, अशी ती कल्पना. आज जगभरातली माणसं आपापल्या वेळात तिथे भर घालतात. एखादी व्यक्ती रात्री जेवण झाल्यावर संगणकासमोर बसून उपग्रहचित्रावरून एक ओढा गिरवते, दुसरी कुणी त्या ओढ्यावर आपण परवा पाहिलेला लाकडी साकव जोडते. कोमूट, ऑलट्रेल्स आणि त्यांच्यासारख्या अनेक सेवांच्या नकाशाखाली हीच माहिती आहे. परवान्याची अट म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ओपनस्ट्रीटमॅपचं नाव असतं. तो कोपरा मी आवर्जून बघते. तिथे ज्यांची नावं नाहीत अशा असंख्य माणसांचे कष्ट त्या एका ओळीत मावलेले असतात.

म्हणजे पाया आधीच घातलेला आहे, करदात्यांच्या पैशातून आणि विनामोबदला राबणाऱ्या माणसांच्या हातून. त्यावर कंपनीने काय बांधलं?

बरंच काही बांधलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. नकाशा पडद्यावर येतो तो तुकड्यातुकड्यांनी. सगळ्यात दूरून बघितलं तर आख्खं जग एका चौकोनात बसतं. एक पायरी जवळ गेलं की त्या एकाचे चार होतात, पुढच्या पायरीला सोळा. पायवाट नीट दिसावी म्हणून सोळाव्या पायरीपर्यंत उतरलं की जगाचे ४२९ कोटींहून अधिक चौकोन झालेले असतात. यातले बहुतेक समुद्राचे आणि कुणी कधी न उघडणारे, पण उरलेले कुठेतरी साठवायचे, हजारो फोनना एकाच रविवारी सकाळी पोचवायचे, आणि खालची माहिती बदलली की पुन्हा काढायचे. ओपनस्ट्रीटमॅपचे स्वतःचे सर्व्हर देणग्यांवर चालतात, म्हणून तिथून नकाशाचे गठ्ठेच्या गठ्ठे उतरवून घ्यायला मनाई आहे, आणि ती रास्त आहे. जुलै २०१८ मध्ये गूगलने आपले नकाशे वापरण्याचे दर असे वाढवले की अनेक लहान सेवांना दुसरा आसरा शोधावा लागला. सर्व्हर, वीज, ते चालवणारी माणसं या सगळ्याला खर्च आहे. तो कुणीतरी द्यायला हवा, आणि जाहिरातदाराने देण्यापेक्षा मी दिलेला बरा.

शिवाय कच्ची माहिती जशीच्या तशी कामाची नसते. एकूण चढाई किती, हा साधा प्रश्न घ्या. जीपीएसची उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. सपाट पठारावर चालतानाही नोंदलेली उंची दोन मीटर वर, तीन मीटर खाली अशी थरथरत राहते. ते सगळे बारीक चढ जमेला धरले तर पठारावरच्या फेरीतही भलीमोठी चढाई निघते. म्हणून एकच ट्रॅक, म्हणजे चालताना फोनने नोंदलेली वाट, दोन ॲपमध्ये टाकला तर चढाईचे आकडे वेगळे येतात. कुणी ती थरथर गुळगुळीत करतं, कुणी फोनची उंची बाजूला ठेवून अवकाशयानाने मोजलेल्या चौकटीतली उंची घेतं. आणि ३० मीटरच्या चौकटीला कडा कळत नाही. कड्याखालून आडव्या जाणाऱ्या वाटेला कधी कड्याच्या माथ्याची उंची चिकटते, आणि प्रत्यक्षात सरळ असलेल्या वाटेच्या आलेखात सुळका उभा राहतो. हे जिथे नीट निस्तरलेलं असतं तिथे कुणीतरी डोकं लावलेलं असतं.

वेळेचा अंदाजही तसाच. स्कॉटलंडचे विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता, ३ मैलांना १ तास आणि दर २००० फूट चढाईला आणखी १ तास. आजची ॲप्स वेळ सांगतात त्यामागे अजून याच धर्तीचं गणित असतं, फार तर माझ्या आधीच्या चालींवरून ते थोडं माझ्या मापाचं केलेलं. उतारावर दुखणारे गुडघे त्यात धरलेले नसतात.

तर सोयीचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. त्रिमितीय डोंगर, घड्याळाशी जोडणी, उपग्रहचित्रांचे थर, बर्फाचे आणि हवामानाचे अंदाज, यांची किंमत लावा, मी बघेन. ऑफलाइन नकाशाचं मात्र माझ्या गळी उतरत नाही. ती चैन नाही, डोंगरात नकाशा असण्याची ती पहिली अट आहे. आणि ती मोफत देता येतच नाही असंही नाही. ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप देणग्यांवर चालतं, जाहिरात नाही, वर्गणी नाही, आणि मुळातच ऑफलाइन चालण्यासाठी बनवलेलं आहे. ओस्मअँड आहे, त्याच्या मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, पण एका भटकंतीला तेवढे पुरतात. ज्याला वर्गणी परवडत नाही त्याने पाय घराबाहेर टाकण्याआधी यातलं एक तरी फोनमध्ये घालून ठेवावं, असं मी भेटेल त्याला सांगते. मोठ्या कंपन्यांनी तेवढा एक दरवाजा उघडा ठेवला, तर त्यांचं काय बुडेल ते मला खरोखर समजत नाही.

माझी एक मैत्रीण आहे, माझ्यापेक्षा किती तरी जास्त हिंडलेली. ती स्वतःचा ट्रॅक कधीच कुठे टाकत नाही. एकदा खिंडीत दम खात बसलो असताना मी रेकॉर्डिंग थांबवून जतन करत होते, तेव्हा ती म्हणाली, “अगं, पाय दुखायचे आपले, बॅटरी संपायची आपली, आणि वर्गणी गोळा करायची त्यांनी?”

“मग आज आपण ज्या रेघेवरून आलो ती कुणाच्या पायांची?” मी विचारलं.

“तेच तर म्हणतेय. ज्याच्या पायांची आहे त्याला काय मिळालं?”

तिचं म्हणणं मी अजून मनातून काढू शकलेले नाही. कारण या सेवांमध्ये सगळ्यात मोलाचा भाग खरंच तोच आहे. नकाशाचा पाया सगळ्यांना सारखाच मिळतो. एखादी सेवा दुसरीपेक्षा वेगळी ठरते ती तिथे चाललेल्या माणसांच्या ट्रॅकमुळे, आणि ‘पाणी नोव्हेंबरनंतर नाही’, ‘दुसऱ्या टप्प्यावर मुरूम घसरतो, लहान मुलांना नेऊ नका’ अशा शेऱ्यांमुळे. २००६ साली स्पेनमध्ये सुरू झालेलं विकीलॉक तर उभंच आहे लोकांनी टाकलेल्या वाटांवर. आणि लोक या वाटा पैशासाठी टाकत नाहीत. आपल्याला सापडलं ते दुसऱ्याला सापडावं, एवढीच त्यामागची भावना असते. मीही म्हणूनच टाकते. कुणीतरी अनोळखी माणसाने ‘तुमच्या ट्रॅकमुळे अंधार पडायच्या आत उतरलो’ असं लिहिलं की आठवडाभर बरं वाटतं. हे बरं वाटणं खरं आहे, आणि त्याच्यावर कुणाची तरी वर्षाची मिळकत उभी आहे हेही खरं आहे.

काही वाटा मात्र मीही टाकत नाही. जिथे कड्यात पक्ष्यांची घरटी आहेत, जिथली माती एका हंगामाच्या गर्दीने धुपून जाईल, त्या जागा मी माझ्यापाशीच ठेवते. रेघ एकदा सगळ्यांसमोर आली की ती कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. धावणं, सायकल चालवणं नोंदवणाऱ्या स्ट्रावा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या हालचालींचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. नावं नव्हती, नुसत्या उजळ रेघा. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटात जिथे काहीच नसायला हवं तिथे लष्करी तळांच्या आतल्या फेऱ्या स्पष्ट उजळल्या आहेत. घरापासून निघालेला ट्रॅक टाकताना सुरुवातीचा तुकडा कापून टाकायची सवय तेव्हापासून मला लागली आहे.

मैत्रिणीच्या प्रश्नाला दुसरी एक धार आहे. कंपनी उद्या राहिलीच नाही तर? फॅटमॅपवर बर्फातल्या आणि उंच डोंगरांतल्या वाटांचे फार देखणे त्रिमितीय नकाशे होते. जानेवारी २०२३ मध्ये स्ट्रावाने ती कंपनी घेतली, आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी फॅटमॅप बंद झालं. गाया जीपीएस हे नकाशांचं ॲप २०२१ मध्ये आऊटसाइड या माध्यमसमूहाकडे गेलं. २०१० साली जर्मनीत सुरू झालेलं कोमूट मार्च २०२५ मध्ये बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने विकत घेतलं आणि त्यानंतर तिथल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. ज्या माणसांनी दहा-पंधरा वर्षं त्या नकाशाचं बरंवाईट पाहिलं, कुठल्या देशातल्या वाटा कुठल्या खुणांनी दाखवायच्या हे ज्यांना ठाऊक होतं, ती माणसं गेली. ट्रॅक राहिले, वर्गणी राहिली. ही बातमी वाचली त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. आपण दिलेल्या वाटांसकट एक आख्खं घर विकलं गेलं, आणि आपल्याला कुणी विचारलं नाही, कारण कराराच्या कागदावर विचारायची गरजच नव्हती.

म्हणून मी जीपीएक्सला फार मानते. २००२ मध्ये आलेली ही फाइलची पद्धत इतकी साधी आहे की कुठल्याही मजकुराच्या संपादकात ती उघडते. आत ओळीमागून ओळ, अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. तुमचा आख्खा दिवस त्या आकड्यांत उतरलेला असतो. कुठे दम खाल्ला तेही दिसतं, कारण तिथे वेळ पुढे जाते आणि जागा हलत नाही. ही फाइल कुठल्या कंपनीची नाही, आणि आज असलेलं जवळपास प्रत्येक ॲप आणि घड्याळ ती वाचतं. प्रत्येक भटकंतीनंतर मी ती उतरवून माझ्याकडे ठेवते, नावात जागा आणि तारीख घालून. कुठल्याही सेवेची वर्गणी भरण्याआधी मी एकच गोष्ट तपासते: माझे सगळे ट्रॅक एकदम, वर्गणी संपल्यानंतरही, मूळ बारकाव्यांसह बाहेर काढता येतात का? नसतील येत, तर तिथली बाकीची वैशिष्ट्यं मी वाचतही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते.

वाट चुकलेल्या माणसाचा ट्रॅकही ट्रॅकच असतो. तो वर चढला, घळीत अडकला, परत फिरला, दुसरीकडून कसाबसा उतरला, घरी येऊन त्याने रेकॉर्डिंग जसंच्या तसं टाकलं. वरून बघणाऱ्याला दिसते एक निळी रेघ, बाकीच्या रेघांसारखीच ठसठशीत. कुणी दोर लावून उतरलेलं असतं, ते शेऱ्यात लिहायचं राहून जातं. कुणी मध्येच रेकॉर्डिंग थांबवून दरीपलीकडे पुन्हा सुरू केलेलं असतं, मग रेघ दरीवरून सरळ हवेतून जाते. कुणी गाडीत बसल्यावरही ते बंद केलेलं नसतं. कड्याच्या पोटात उपग्रहाचे संकेत दगडावर आपटून येतात आणि रेघ वाटेपासून पन्नास मीटर बाजूला, थेट पोकळीत जाते. आणि काही रेघांवर तर कुणी कधी चाललेलंच नसतं, घरात बसून पडद्यावर दोन ठिपके जोडलेले असतात.

यापैकी एखाद्या रेघेवर विश्वास ठेवून चार जण निघाले, की त्यांचेही ट्रॅक तिथेच नोंदले जातात. रेघ जाड होते. लोकप्रिय वाटा शोधणाऱ्या गणिताला ती आणखी खरी वाटू लागते. काही काळाने गवत तुडवलं जातं, माती उघडी पडते, आणि जिथे वाट नव्हती तिथे वाट दिसायला लागते, अगदी कड्याच्या टोकापर्यंत मळलेली. अशी एक वाट मी डोळ्यांनी पाहिली आहे. शेवटच्या वळणावर झुडपांच्या फांद्या हाताने धरून धरून गुळगुळीत झाल्या होत्या. किती माणसं तिथवर येऊन, खाली बघून, भेदरून परत फिरली असतील.

जुलै २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या गिर्यारोहण संस्थेने आणि तिथला डोंगर सांभाळणाऱ्या जॉन म्यूर ट्रस्टने जाहीर इशारा दिला होता. बेन नेव्हिस, १३४५ मीटर, ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर. गूगल मॅप्सवर तिकडे जायचं विचारलं की ते सरळ रेषेत शिखराला सर्वांत जवळ पडणाऱ्या वाहनतळावर नेत होतं, आणि तिथून माथ्यापर्यंत ठिपक्यांची रेघ दाखवत होतं. त्या बाजूला वाट नाही, अत्यंत तीव्र आणि खडकाळ उतार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅनडात व्हँकूवरजवळच्या फ्रॉम डोंगरावर बचाव पथकाला धावावं लागलं, तेव्हाही नकाशावर अस्तित्वात नसलेली एक वाट दाखवली जात होती. पथकाने आवाज उठवल्यावर ती काढली गेली. चूक दाखवून दिली ती एका ठिकाणी डोंगर सांभाळणाऱ्या लोकांनी आणि दुसऱ्या ठिकाणी बचाव पथकाने, म्हणजे ज्यांना रात्री-अपरात्री दोर घेऊन तिथे जावं लागतं त्यांनी.

हे दोन्ही दाखले फुकट नकाशाचे आहेत. पण लोकांनी टाकलेल्या रेघांवर उभी असलेली वर्गणीची सेवाही या धोक्यापासून आपोआप सुरक्षित होत नाही. तिथेही रेघ खरी आहे की नाही हे कुणीतरी माणसाने बघावं लागतं.

आणि खेदाची गोष्ट अशी की पायाभूत नकाशात ही शहाणी माहिती पुष्कळदा असतेच. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पायवाटेला अवघडपणाची श्रेणी जोडता येते, स्विस अल्पाइन क्लबच्या सहा पायऱ्यांची, साध्या फिरण्यापासून हात लावून चढायच्या अवघड कड्यांपर्यंत. वाट जमिनीवर किती दिसते याचीही नोंद असते, लख्ख ते अजिबात नाही अशी. ही वाट अधिकृत आहे की लोकांनी पाडलेली, हेही लिहिता येतं. कुणीतरी डोंगरावर जाऊन, बघून, विचार करून हे भरलेलं असतं. आणि मग एखाद्या चकचकीत ॲपमध्ये त्या सगळ्या वाटा एकाच जाडीच्या, एकाच रंगाच्या ठिपक्यांनी काढल्या जातात. बागेतली फरसबंदी आणि कड्यावरची बोटभर जागा, दोन्ही सारख्याच. देखणेपणासाठी हे बारकावे गाळणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. पैसे घेणाऱ्याने तर ते करूच नये.

पुसणं हेही सोपं काम नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर जे जमिनीवर आहे ते नकाशात असावं असा दंडक आहे. धोक्याची वाट नुसती पुसून टाकली, तर पुढच्या महिन्यात दुसरं कुणी उपग्रहचित्रात ती पुसट रेघ बघून भल्या मनाने पुन्हा काढतं. म्हणून जाणकार ती काढून टाकण्याऐवजी तिच्यावर नोंद करतात: मोडलेली, बंद, प्रवेश नाही. मग नकाशा वापरणाऱ्या प्रत्येक सेवेने त्या नोंदीचा मान राखायला हवा, ती वाट वेगळी दाखवायला हवी किंवा दाखवूच नये. ही साखळी एका ठिकाणी तुटली की सगळी मेहनत फुकट.

मी वर्गणी भरते त्या एका सेवेवर एका वाटेबद्दल कळवलं होतं. दरड कोसळून तिचा मधला भाग खाली गेला होता. आभाराचं उत्तर लगेच आलं. रेघ मात्र हंगामामागून हंगाम जिथल्या तिथे राहिली, वर तिच्याखाली ‘सोपी, कुटुंबासाठी योग्य’ हा जुना शेरा. दरम्यान त्या सेवेत फोटोवरून फुलं ओळखायची सोय आली, वर्षभराच्या चालण्याचा रंगीत आढावा आला. मला फुलं आवडतात. पण ती दरड मी पाहिली होती, आणि नव्या सोयीची प्रत्येक सूचना आली की मला तीच दिसायची. त्याच वाटेची ओपनस्ट्रीटमॅपवरची नोंद मी त्या दिवशी रात्री स्वतःच बदलली होती. तिथे कुणाची परवानगी लागत नाही, आणि चूक झाली तर बघणारे दुसरे असतात.

म्हणून आता माझं म्हणणं असं झालं आहे की मी पैसे देते ते पुसणाऱ्याला. नव्या वाटांची भर पडतच राहणार, ती माणसं प्रेमापोटी घालतात, त्याला पगार लागत नाही. आलेली तक्रार वाचायला, चार ट्रॅक शेजारी ठेवून कुठला खरा ते ठरवायला, त्या भागातल्या बचाव पथकाशी किंवा वनखात्याशी बोलायला, घरट्यांच्या हंगामापुरती एखादी वाट झाकायला मात्र पगारी माणूस लागतो. हे कंटाळवाणं, कुणाला न दिसणारं, जबाबदारीचं काम आहे. वर्गणीच्या पानावर किती लाख वाटा आहेत ते मोठ्या अक्षरात असतं. यंदा किती रेघा तपासल्या, किती बंद केल्या, एका तक्रारीला किती दिवस लागले, हे तिथे छापलेलं मला वाचायचं आहे. ज्या सेवेने ते छापलं तिला मी न कुरकुरता पैसे देईन, आणि मैत्रिणीलाही ट्रॅक टाकायला राजी करायचा प्रयत्न करेन.

यंदा फुलांवाल्या सेवेची वर्गणी मी बंद केली. ते पैसे दोन ठिकाणी विभागून दिले, ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनला आणि डोंगरात बचावकार्य करणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका पथकाला. दुसरी एक सेवा चालू ठेवली. तिथेही मी तीच दरड कळवली होती. काही आठवड्यांनी त्या वाटेवर लाल पट्टी आली, ‘मधला टप्पा कोसळला आहे, पलीकडे जाता येत नाही’, आणि खाली पाहणीची तारीख. ती तारीख बघून मला सगळ्यात जास्त समाधान वाटलं. डोंगर बदलत राहतो. कुणी कधी बघून लिहिलं हे कळलं, की दोन वर्षांनी येणाऱ्याला त्या शब्दावर किती भिस्त ठेवायची ते ठरवता येतं, आणि तोवर बाजूने नवी वाट पडली असेल तर त्याला तीही तारखेसह खाली लिहिता येते.